सत्त्याहत्तरची रेघ

पस्तीस मार्कांना पास करणाऱ्या महाराष्ट्रातून मी आले आणि पुढची सगळी नोकरी शहात्तरवाल्यांना नापास करण्यात घालवली. आमच्या गावाकडे काठावर पास झालेल्या पोराच्या बापाने पेढे वाटलेले मी पाहिले आहेत. ग्रेसचे मार्क हा आमच्या पिढीत हक्कच समजला जाई. न्यू जर्सीतल्या ज्या कम्युनिटी कॉलेजात मी नर्सिंग शिकवलं तिथे काठ ७७ वर होता आणि तो कुणासाठी हलत नसे. ७६.९ म्हणजे नापास. ‘अपूर्णांक वर ओढला जाणार नाही’ हे वाक्य अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर ठळक छापलेलं असे आणि पहिल्याच तासाला त्याखाली प्रत्येकाची सही घेतली जाई. सही करताना सगळे हसायचे. डिसेंबरात कुणी हसत नसे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमकं काय, हे इथल्या मराठी मंडळात सांगताना माझी पंचाईत व्हायची. तिथे मुलं प्रिन्स्टनला असतात, निदान रटगर्सला. ‘मी काउंटी कॉलेजात शिकवते’ म्हटलं की समोरचा ‘अच्छा’ म्हणायचा आणि वांग्याच्या भरीताकडे वळायचा. त्या ‘अच्छा’त बरंच काही असायचं. काउंटीच्या आणि राज्याच्या पैशावर चालणारं, फी परवडेल अशी ठेवणारं, शाळा संपवलेल्या कुणालाही आत घेणारं कॉलेज. जिथे प्रवेशासाठी धडपडावं लागत नाही ते काय कॉलेज, असा तो सूर. इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ साली असं पहिलं सरकारी दोन वर्षांचं कॉलेज निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अशा कॉलेजांचं जाळं देशभर विणावं असं सुचवलं, तेव्हापासून ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रुळलं. दार सताड उघडं ठेवायचं, ही त्यामागची भूमिका. मला ती पहिल्यापासून आवडली. अडचण एवढीच होती की या सताड उघड्या घरात एक खोली अरुंद दाराची होती आणि मी नेमकी त्या खोलीत शिकवत होते.

मी मूळची कराडकडची. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात जनरल नर्सिंग केलं. वडिलांनी दोन महिने बोलणं टाकलं होतं. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं करून बायकांना, त्यात विधवांनाही, ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. त्याला पाऊण शतक होत आलं तरी आमच्या घरात ‘नर्स’ म्हटलं की स्वयंपाकघरातली भांडी जोरात वाजायची. पुढे परदेशी नर्सना अमेरिकेसाठी द्यावी लागणारी सीजीएफएनएसची परीक्षा दिली, इथे आले, इथली लायसन्सची परीक्षा दिली. ती तेव्हा पेन्सिलीने, दोन दिवस चालायची. वर्षानुवर्षं नाइट ड्यूटी केली, मास्टर्स केलं आणि शिकवायला लागले. शिकवण्यात पगार कमी झाला. वॉर्डातल्या अनुभवी नर्सपेक्षा तिला शिकवणारीला कमी पैसे मिळतात ही या देशातली जुनी रड आहे; मीही ती पुष्कळ रडून झाले, आता पुरे.

दोन वर्षांत नर्स तयार करता येते हे मला सुरुवातीला पटत नव्हतं. मुंबईत आम्ही साडेतीन वर्षं घासली होती. मग मिल्ड्रेड माँटॅग वाचली. ही बाई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात डॉक्टरेट करत होती. युद्ध संपलेलं, रुग्णालयं वाढत चाललेली, परिचारिकांचा तुटवडा. तिने १९५१ साली आपला विचार पुस्तकरूपाने मांडला: नर्सिंगचं शिक्षण रुग्णालयाच्या ताब्यातून काढा, कॉलेजात आणा, दोन वर्षांत पुरं करा. १९५२ पासून पाच वर्षं मोजक्या कॉलेजांत त्याचा प्रयोग झाला. न्यूयॉर्क राज्यातलं ऑरेंज काउंटी कम्युनिटी कॉलेज त्यात होतं. प्रयोगातून बाहेर पडलेल्या मुली इतरांसारख्याच लायसन्सच्या परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या.

तिचं मला पटलं ते वेगळ्याच कारणाने. रुग्णालयाच्या शाळेतली विद्यार्थिनी ही आधी कामगार असते आणि मग विद्यार्थिनी, हे तिने स्वच्छ सांगितलं. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मुंबईतला आमचा मेडिकल वॉर्ड आला. दुसऱ्या वर्षाला मी रात्रपाळीला जवळजवळ एकटीने वॉर्ड सांभाळलाय. खाटांखालीही पेशंट. स्टायपेंड हातखर्चापुरता. सकाळी त्याच कपड्यांत लेक्चरला बसायचं आणि झोप लागली की ट्यूटरबाईंचा खडू यायचा. आम्ही शिकलो नाही असं नाही. हात तयार झाले. पण साडेतीन वर्षांतली किती वर्षं शिकण्यात गेली आणि किती फुकटच्या नोकरीत, याचा हिशेब कुणी मांडला नव्हता. माँटॅगने मांडला.

या दोन वर्षांच्या नर्सवरून इथे गेली साठ वर्षं भांडण चालू आहे. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९६५ सालीच भूमिका घेतली की व्यावसायिक परिचारिकेला चार वर्षांची पदवी हवी. लिंडा एकन आणि तिच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास २००३ साली छापला. पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तिथे शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात रुग्ण दगावण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी, असं त्यात निघालं. हा लेख आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी टेबलावर ठेवून गेलं आणि आठवडाभर कुणीही त्याबद्दल बोललं नाही. २०१० च्या राष्ट्रीय अहवालाने २०२० पर्यंत ऐंशी टक्के नर्सेस पदवीधर व्हाव्यात असं लक्ष्य ठेवलं. ते काही गाठलं गेलं नाही. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये कायदाच केला की नव्या नर्सने दहा वर्षांच्या आत पदवी घ्यावी. मला हा मधला मार्ग मान्य आहे. आधी आत येऊ द्या, पगार सुरू होऊ द्या, मग शिका म्हणावं. कारण चार वर्षं फी भरून, नोकरी न करता शिकणारी मुलगी कुठल्या घरातून येते ते मला माहीत आहे, आणि माझ्या वर्गात कोण बसत असे तेही.

माझ्या वर्गात बस चालवणारा होता. इराकमध्ये लष्करात मेडिक म्हणून राहून आलेला एक जण होता. तो दारातून आत येताना आधी खिडक्या मोजायचा. घाना, फिलिपीन्स, डोमिनिकन रिपब्लिक, आणंद आणि नडियाद. पन्नाशीची एक बाई, जिच्या मुलीनेही त्याच कॉलेजात नाव घातलं होतं. जवळपास सगळेच कुठेतरी काम करून येत. शारीर-शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, प्रवेशपरीक्षा हे सगळं पार करून, कधी वर्ष वर्ष थांबून नर्सिंगला जागा मिळालेली. म्हणजे ७७ च्या रेघेशी पोचलेला माणूस बरंच काही ओलांडून आलेला असे.

त्यांना मी पहिल्यांदा मिसेस चेजची गोष्ट सांगायची. ऱ्होड आयलंडच्या मार्था चेज या बाहुल्या करणाऱ्या बाईंनी १९११ साली हार्टफर्ड रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेला माणसाएवढी बाहुली करून दिली. तिला उचलायचं, कुशीवर वळवायचं, अंथरूण बदलायचं, आणि हे शिकून झाल्यावरच जिवंत माणसाला हात लावायचा. आता तिच्या पणत्या आल्या आहेत. त्या श्वास घेतात, त्यांचा रक्तदाब पडतो, पलीकडच्या खोलीतून मास्तरीण माइकवर कण्हते. मी चांगली कण्हते असा माझा लौकिक होता.

कण्हणं सोपं होतं. औषधांच्या गणिताने मात्र पोरांचा घाम निघायचा. त्या परीक्षेत रेघ ७७ च्याही वर. वजन पौंडांत दिलेलं, मात्रा किलोमागे मिलिग्रॅममध्ये, बाटलीवर लिहिलंय मिलिलिटरला किती. तर ताशी किती सोडायचं? दशांशचिन्हाने माणूस मरतो हे मी फळ्यावर लिहून दाखवायची. ‘१.०’ असं कधी लिहायचं नाही, ठिपका पुसट झाला की ते दहा होतं. ‘.५’ असंही लिहायचं नाही, पुढे शून्य द्यायचं, नाहीतर अर्ध्याचे पाच होतात. वजाबाकी चुकली तर बँकेत खातं चुकतं. इथे इन्सुलिन चुकतं. संहत पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत गेलं की हृदय थांबतं, म्हणून ती कुपी आता वॉर्डच्या कपाटात ठेवतच नाहीत. हे नियम कुणाच्या तरी मृत्यूनंतर लिहिले गेलेत, एवढं सांगून मी पुढे जायची.

शिक्षकाच्या समोर विद्यार्थी बसलेला असतो. त्याचं भाडं थकलंय, पोराला दमा आहे, नवरा सोडून गेलाय, हे सगळं दिसत असतं. ज्याच्या बाजूने ती रेघ ओढलेली आहे तो माणूस मात्र वर्गात नसतो. तो अजून आजारीही पडलेला नसतो. दोन वर्षांनी एका रात्री, चार खोल्यांची जबाबदारी असलेल्या नर्सच्या तिसऱ्या खोलीत तो असेल. त्याची बाजू मांडायला माझ्याशिवाय कुणी नाही, असं मला वाटायचं. आणि विद्यार्थ्याची बाजू मांडायलाही माझ्याशिवाय कोण होतं?

हैतीहून आलेली एक मुलगी होती. मुलगी म्हणायचं, तशी तिशी ओलांडलेली. वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये रात्री मदतनीस, सकाळी वर्ग, मध्ये कधीतरी दोन पोरं. समाजआरोग्याच्या विषयात विद्यार्थ्यांना ठरावीक तास बाहेर काम करावं लागे, त्यासाठी मी त्यांना एका चर्चच्या तळघरात शनिवारी रक्तदाब तपासायला न्यायची. खुर्च्या, दोन टेबलं, कॉफीचा मोठा थर्मास. रक्तदाब घेणं हे दिसतं तितकं सोपं नाही. माणसाला आधी पाच मिनिटं गप्प बसवावं लागतं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा उगाच चढतो आणि धडधाकट माणूस गोळ्या खायला लागतो. हे सगळं सगळ्यांनाच शिकवलेलं. पण या मुलीचं वेगळं होतं. एका म्हाताऱ्याचा दाब खूप वर होता. बाकीच्यांनी विचारलं असतं, ‘गोळ्या घेता ना?’ आणि त्याने ‘हो’ म्हटलं असतं. हिने विचारलं, ‘बाटलीत किती उरल्यात?’ तो घुटमळला. मग सांगितलं की महिन्याची बाटली दोन महिने पुरवतो, एक दिवसाआड घेतो. बायकोच्या गोळ्या जास्त महाग आहेत. हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नाही. मी पलीकडच्या टेबलावरून ऐकत होते आणि मनात म्हटलं, हिला पास करायला परीक्षा कशाला हवी.

त्या सत्राअखेर मेडिकल-सर्जिकलमध्ये तिला ७६.४ पडले. त्याआधी एकदा एका विषयात ती गेलेली होती, आणि दोनदा गेलं की कार्यक्रमातून बाहेर, असा नियम. मी तिची उत्तरपत्रिका पुन्हा पुन्हा पाहिली. ती चुकत होती ते प्राधान्याच्या प्रश्नांत. चार रुग्ण दिलेले असतात, आधी कुणाकडे जाल? एक वेदनेने ओरडतोय, एक घरी जायचं म्हणून भांडतोय, एकाची बायको रडतेय, आणि एक शांत पडून आहे, श्वास मिनिटाला अठ्ठावीस. ती दर वेळी रडणाऱ्याकडे किंवा ओरडणाऱ्याकडे जात होती. ओरडणाऱ्याच्या फुप्फुसात निदान ओरडण्याइतकी हवा आहे. जो गप्प झालाय त्याच्याकडे आधी धावायचं, हे नर्सिंगमधलं सगळ्यात कठीण शिक्षण, कारण ते माणुसकीच्या पहिल्या उमाळ्याच्या उलट आहे. आणि नर्सिंग होममध्ये वर्षानुवर्षं ती नेमकं ओरडणाऱ्यांकडेच धावत आली होती. तिथे तेच तिचं काम होतं.

ती केबिनमध्ये आली, आकडा पाहिला, ‘ओके, प्रोफेसर’ म्हणाली आणि दप्तर उचललं. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला की समाजातल्या कामाला मार्क द्यावेत. क्लिनिकलला आमच्याकडे फक्त पास किंवा नापास असे, आकडा नसे. एक सहकारी म्हणाली, ‘कसे देणार? कोण देणार? तू? आणि तुला जी आवडत नाही तिचं काय?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला मुंबई आठवली. आम्हाला तिथे वर्तणुकीचे मार्क असत. ते कुणाला पडतात हे होस्टेलमधल्या सगळ्यांना आधीच माहीत असे. सुट्टीवरून येताना आंब्याची पेटी आणणारीला पडत. गोऱ्यापान, नीट शुद्ध बोलणारीला पडत. विशिष्ट आडनावांना पडत नसत. ‘तुझ्यात सेवाभाव कमी आहे,’ असं एका मुलीला सांगितलं गेलं होतं. ती आमच्यात सगळ्यात हलक्या हाताने सुई टोचायची. पेशंट तिचं नाव घेऊन हाका मारायचे. बहुपर्यायी प्रश्नाला आडनाव दिसत नाही. त्याला चांगुलपणाही दिसत नाही, हे खरं. पण हैतीच्या बाईच्या उच्चारांवरून, केसांवरून, उशिरा येण्यावरून ‘हिच्यात ते नाही’ असं ठरवणारी मास्तरीण कुठेतरी बसलेली असणारच, आणि तिच्या हातात मार्क देण्यापेक्षा आंधळी रेघ बरी. मी ठराव मागे घेतला. अजूनही मला तो मागे घेतल्याचं समाधान नाही, आणि मांडून मंजूर झाला असता तर तेही नसतं.

तिचं पुढे काय झालं मला कळलं नाही.

मी केलं ते एवढंच, की शनिवारच्या कामाचं स्वरूप बदललं. तोवर ती सेवा होती आणि वर्ग वेगळा होता. या देशात ही दोन्ही एकत्र होती त्या काळाची गोष्ट मला ठाऊक होती. १८९३ साली लिलियन वॉल्ड न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये परदेशातून आलेल्या बायकांना घरगुती शुश्रूषेचा वर्ग घेत होती. अंथरूण कसं घालावं असा काहीसा धडा चालला होता. एक लहान पोर तिला शोधत आलं: आई बाळंत झालीय, बरी नाही. वॉल्ड वर्ग सोडून पावसातून त्या मुलीमागे गेली, अंधारे जिने चढून. बाई रक्तस्रावात पडलेली. त्यानंतर ती त्याच वस्तीत राहायला गेली. हेन्री स्ट्रीटवरचं तिचं घर आणि घरोघर जाणाऱ्या नर्सेसची इथली परंपरा त्यातून उभी राहिली. मला त्या गोष्टीत वॉल्डपेक्षा वर्गातल्या बाकीच्या बायका आठवतात. अर्धवट घातलेलं अंथरूण समोर ठेवून मास्तरीण निघून गेली, तेव्हा त्या मागोमाग गेल्या की बसून राहिल्या?

मी विद्यार्थ्यांना तळघरात टेबलाशी बसू देईनाशी झाले. आधी दारात उभं करायची. समोर पंधरा-वीस माणसं खुर्च्यांवर बसलेली. ‘यातल्या कुणाला आधी बोलवाल? कारण सांगा.’ रंग बघा, घोटे बघा, श्वास मोजा, कोण वाक्य पुरं न करता थांबतंय ते ऐका. कागदावरचे चार रुग्ण आणि खुर्चीवरची चार माणसं ही एकच परीक्षा आहे, हे मला त्यांच्या हाडात घालायचं होतं. मार्क नव्हते. काही कुरकुरायचे. बसवाला म्हणाला, हे मी रोज करतो, कोण तिकीट न काढता उतरणार ते मला चढतानाच कळतं. त्याची नजर खरोखर चांगली होती.

मराठी मंडळाने आरोग्य शिबिर घ्यायचं ठरवलं ते नंतर. इतकी वर्षं ‘अच्छा’ म्हणणारेच फोन करू लागले, कारण मंडळातले दोघे पन्नाशीच्या आत अचानक गेले होते. आपल्या लोकांत हृदयविकार आणि मधुमेह लवकर येतात. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोत दक्षिण आशियाई लोकांचा त्यासाठी दीर्घ अभ्यासही चालू आहे. इथल्या मधुमेह संघटनेने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची वजनाची पातळीच खाली आणली, बीएमआय २५ वरून २३. हे मी सभागृहात सांगितलं तेव्हा मागच्या ओळीतून ‘मग जेवण आधी का ठेवलंय?’ असा आवाज आला. जेवणात श्रीखंड-पुरी होती. आरोग्य शिबिराला.

तिथे विद्यार्थ्यांना नवं जग दिसलं. सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, प्रवासी विमा स्वस्तातला, आणि हातात गोळ्यांची प्लॅस्टिकची पिशवी. पुण्याहून चार महिन्यांचा साठा आणायचा आणि तो सहा महिने पुरवून खायचा. चर्चमधल्या त्या म्हाताऱ्याचंच गणित, फक्त पिशवी वेगळी. एका काकांना गुडघेदुखीसाठी घरून आणलेली क्रोसिन चालू होती आणि सुनेने दिलेली टायलेनॉलही. औषध एकच, नावं दोन. दिवसाची कमाल मात्रा चार ग्रॅम, आणि काका तिच्याजवळ जाऊन पोचले होते. घानाच्या मुलाने दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून काकांना दाखवली. त्याला मराठी येत नव्हतं आणि काकांना त्याचं इंग्रजी कळत नव्हतं, तरी समजलं. सूनबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी सांगितलं, तुमची चूक नाही, दोन देशांच्या दोन डब्यांचा हा घोळ आहे.

२०२० च्या मार्चमध्ये रुग्णालयांनी विद्यार्थ्यांना दारं बंद केली. ते महिने मला फार लिहावेसे वाटत नाहीत. आमची जुनी मुलं आत होती, आम्ही पडद्यावर. वर्षअखेर लसी आल्या आणि पुढच्या वर्षी एडिसनच्या प्रदर्शन केंद्रात मोठं लसीकरण केंद्र उघडलं. अशा ठिकाणी निवृत्त नर्सेस लागल्या, विद्यार्थी लागले. मॉडर्नाच्या कुपीतून दहा मात्रा काढायच्या, उघडलेली कुपी वाया जाऊ द्यायची नाही, टोचल्यावर माणसाला पंधरा मिनिटं बसवून बघत राहायचं. त्या बसवून ठेवलेल्या ओळीपुढे आमचे विद्यार्थी आपोआप दारातल्यासारखे उभे राहिले. कुणाला सांगावं लागलं नाही.

मी आता निवृत्त आहे. शनिवार चालू आहेत. कॉलेजची नवी मास्तरीण तिची मुलं घेऊन येते, मी नुसती लुडबुड करते. लायसन्सची परीक्षा २०२३ पासून बदललीय. एकाच रुग्णाची माहिती तुकड्यातुकड्याने देऊन नर्स काय टिपते, काय ठरवते ते जोखतात. बरं झालं म्हणायचं. ७७ ची रेघ मात्र आहे तिथे आहे.

गेल्या गणपतीनंतरच्या शिबिरात मंडळाचे एक ज्येष्ठ सदस्य रांग मोडून पुढे आले. डोकं गरगरतंय, आधी मला बघा, मी देणगीदार आहे वगैरे. एक विद्यार्थी पट्टा घेऊन त्यांच्याकडे वळला. दाब १८८ वर १०४, म्हणजे दखल घ्यावी असाच. त्याची जोडीदारीण मात्र जागची हलली नाही. ती भिंतीकडच्या एका काकूंकडे बघत होती. काकू नेटक्या, पदर सावरून बसलेल्या, हनुवटीखाली हात. घाम आलेला, आणि सभागृहात एसी इतका की बाकीच्या बायका शाली पांघरून होत्या. मुलीने मला नुसतं बोट दाखवलं. मी जाऊन विचारलं, ‘काकू, काय होतंय?’

‘काही नाही गं. जबडा जरा दुखतोय. श्रीखंड जास्त झालं बहुतेक, मळमळतंय.’

बायकांच्या छातीत दुखतंच असं नाही. मुलीने तोवर ९११ ला फोन लावलाही होता. पलीकडून सांगितलं त्याप्रमाणे तिने ॲलर्जी विचारली आणि ॲस्पिरिन चावायला दिली, काकूंनी ‘चावायची? पाण्याबरोबर नको?’ म्हणून माझ्याकडे खात्री करून घेतली. देणगीदार काका टेबलावरून ओरडत होते की माझा आकडा पुन्हा बघा. नवी मास्तरीण त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, बघते, पाच मिनिटं अगदी गप्प बसा.

अँब्युलन्स आली तेव्हा काकूंचा मुलगा पार्किंगमधून धावत आला. पहिलं वाक्य त्याने माझ्या कानाशी, मराठीत विचारलं. आईचा प्रवासी विमा आधीच्या आजाराला चालत नाही, तर नुसत्या गाडीचंच बिल किती येईल, आणि आपण गाडीनेच नेली तर चालणार नाही का? मी म्हटलं, ‘वाटेत काही झालं तर तुमच्या गाडीत काय आहे? बिलाचं सोमवारी मी तुमच्याबरोबर हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडे येते. आधी तिच्या गोळ्यांची पिशवी कुठे आहे ती आणा.’